कामाचा लॅपटॉप विंडोजवरून लिनक्सवर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या, पडून असलेल्या लॅपटॉपवर हौस म्हणून लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम) टाकणं वेगळं आणि ज्यावर रोजचं काम चालतं तो लॅपटॉप बदलणं वेगळं. पहिल्यात काही बिनसलं तर एक रविवार वाया जातो. दुसऱ्यात सोमवारची मीटिंग, ग्राहकाला पाठवायची फाइल आणि महिनाअखेरची बिलं अडकतात. खालची उत्तरं या दुसऱ्या प्रकारच्या वाचकासाठी आहेत.

ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मी माझं मी लिनक्स टाकलं तर चालेल का?

नाही. आधी आयटी विभागाला ईमेलवर विचारा आणि होकारही ईमेलवरच घ्या. लॅपटॉप कंपनीचा असतो, त्यातला डेटाही कंपनीचा. शिवाय बऱ्याच ऑफिसांत प्रत्येक मशीनची नोंद एका केंद्रीय यंत्रणेत असते. विंडोज पुसलं की ती नोंद निकामी होते, आणि नोंद नसलेल्या मशीनवर ऑफिसचा ईमेल किंवा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बाहेरून शिरायचा सुरक्षित मार्ग) उघडूच नये असा नियम अनेकदा लावलेला असतो. म्हणजे लिनक्स झकास बसलं तरी काम शून्य.

आयटीवाल्यांची तयारी असेल तर वाट आहे. मायक्रोसॉफ्टचं इंट्यून ही अशीच एक नोंद ठेवणारी यंत्रणा. ती लिनक्सच्या दोन प्रकारांची नोंद करून घेते: उबुंटूच्या ठरावीक एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्त्या आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स. म्हणून विचारताना 'लिनक्स टाकू का' असं मोघम विचारू नका, 'उबुंटू एलटीएस टाकून नोंदवता येईल का' असं विचारा. नकार आला तर वाद घालण्यात अर्थ नाही. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल वापरायची परवानगी मागा. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांची बरीचशी गरज त्यातच भागते.

यापुढचं सगळं ज्यांचा लॅपटॉप स्वतःचा आहे किंवा ज्यांच्या हातात परवानगी आहे त्यांच्यासाठी.

विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून लिनक्सवर जाणं योग्य कारण आहे का?

हो, चांगलं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीचं, पण एसएसडी आणि ८ जीबी रॅम असलेलं धडधाकट मशीन त्यामुळे बाद ठरतं. असं मशीन लिनक्सवर आरामात काही वर्षं काढतं.

'विंडोज फार हळू चालतं' हे एवढंच कारण असेल तर मात्र आधी आत जुनी फिरती हार्ड डिस्क तर नाही ना ते बघा. असेल तर एसएसडी बसवा. कदाचित बदलायची गरजच उरणार नाही.

मग सुरुवात कुठून करायची? कोणतं लिनक्स घेऊ?

दुसरा प्रश्न सगळे आधी विचारतात, पण घाई त्याची नाही. आधी यादी करा.

एक साधी टेक्स्ट फाइल उघडी ठेवा आणि आठवडाभर जे जे उघडाल ते त्यात लिहा: प्रत्येक प्रोग्रॅम, प्रत्येक वेबसाइट, यूएसबीला लावलेली प्रत्येक वस्तू. मग प्रत्येकापुढे लिहा: ब्राउझरमध्ये चालतं, लिनक्ससाठी मिळतं, पर्याय आहे, किंवा काहीच नाही. यादी लांबलचक झाली तरी 'काहीच नाही' या रकान्यात सहसा दोन-तीनच नावं उरतात. निर्णय त्या दोन-तीन नावांवर होतो, लिनक्स कसं दिसतं यावर नाही.

या यादीत एक उणीव राहते. आठवड्याच्या यादीत आठवड्याचंच काम येतं. महिन्यातून एकदा डिजिटल सही करायला लागणारं यूएसबी टोकन, तिमाहीला एकदाच उघडावं लागणारं पोर्टल, वर्षातून एकदा जोडला जाणारा लेबल प्रिंटर, या गोष्टी त्यात येत नाहीत आणि नेमक्या शेवटच्या तारखेला आडव्या येतात. म्हणून गेल्या वर्षभराचं कॅलेंडर आणि पाठवलेल्या ईमेलांची फोल्डरं एकदा चाळा. सहीच्या टोकनसाठी ते बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते आधी पाहा. काही देतात, काही देत नाहीत, आणि पोर्टलनेच विंडोजचा हट्ट धरला असेल तर नुसत्या ड्रायव्हरने भागत नाही.

आता कोणतं घ्यायचं. कामासाठी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती किंवा उबुंटू एलटीएस, यापलीकडे फार शोधू नका. विंडोजची सवय असलेल्या हाताला मिंट लगेच बसतं: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू. उबुंटूची ठेवण वेगळी आहे, पण बाहेरच्या कंपन्या लिनक्ससाठी काही देतात तेव्हा आधी उबुंटूसाठी देतात. उबुंटूची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंट तिच्यावरच उभं आहे. लॅपटॉप अगदी नवा असेल आणि त्यातलं काही ओळखलं जात नसेल तर फेडोरा बघा, कारण त्यात कर्नल, म्हणजे हार्डवेअर ओळखणारा लिनक्सचा गाभा, ताजा असतो. मात्र फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते. यूट्यूबवर बघून आर्च (सगळं स्वतः जुळवावं लागणारं लिनक्स) टाकावंसं वाटत असेल तर दुसऱ्या मशीनवर टाका.

माझं सगळं काम एक्सेलमध्ये आहे. लिबरऑफिसवर भागेल?

तुम्ही एक्सेलमध्ये नेमकं काय करता त्यावर आहे.

बेरजा, फिल्टर, पिव्हट टेबल, व्हीलुकअप एवढंच असेल तर भागेल. एक्सलुकअपही २०२४ च्या २४.८ आवृत्तीपासून लिबरऑफिसमध्ये आहे. त्याआधीच्या आवृत्तीत अशी फाइल उघडली की आकड्यांच्या जागी चुका दिसतात, म्हणून आवृत्ती तपासा. पॉवर क्वेरी आणि पॉवर पिव्हट नाहीत. व्हीबीए मॅक्रो काही चालतात, काही अर्धवट चालतात. अर्धवट चालणारे जास्त धोक्याचे, कारण चूक लगेच दिसत नाही. ब्राउझरमधलं एक्सेल व्हीबीए मॅक्रो चालवतच नाही, म्हणून तोही मार्ग बंद. रोजचं काम अशा मॅक्रोवर असेल तर त्यासाठी विंडोज कुठेतरी ठेवावंच लागेल, हे आत्ताच मान्य करा.

वर्डच्या फाइलींत त्रास वेगळा असतो: मजकूर शाबूत, पण पानं सरकतात. कारण बहुतेक वेळा फाँट. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया बसवा; त्यांच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम मूळ फाँटइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी जिथल्या तिथे तुटतात. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन हे फाँट बहुतेक ठिकाणी आधीपासून असतात. तरीही ज्या फाइलवर दोघांनी आलटूनपालटून काम करायचं आहे, आणि समोरचा वर्ड वापरतो, ती ब्राउझरमधल्या वर्डमध्येच उघडा. नुसती वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ द्या.

मराठी टायपिंगचं काय?

लिनक्सवर ते विंडोजइतकंच चांगलं चालतं, फक्त पहिल्या दिवशी थोडी जुळवाजुळव करावी लागते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्स म्हणून मराठी जोडा. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तेवढ्यावर काम झालं. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी कगप नावाचा ध्वन्यात्मक लेआउट आहे. तोही हाताला बसत नसेल तर आयबस या लिनक्समधल्या टायपिंगच्या यंत्रणेसाठीचं एम१७एन पॅकेज टाका. त्यात मराठीसाठी आयट्रान्स आहे, फोनेटिक आहे आणि चक्क गमभनही आहे. पॅकेज टाकल्यावर एकदा लॉगआउट करून आत या, नाहीतर यादीत नवं काही दिसत नाही आणि लोक उगाच पुन्हापुन्हा तेच पॅकेज टाकत बसतात. तपासायला 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'ॲप', 'ऑफिस' हे शब्द टाइप करून बघा. हे चार नीट उमटले की बाकीचं उमटतं.

लिबरऑफिसमध्ये आणखी एक गंमत आहे. एकाच परिच्छेदात रोमन अक्षरांचा फाँट आणि आकार वेगळा साठवला जातो, देवनागरीचा वेगळा. म्हणून सगळा मजकूर निवडून आकार १२ केला तरी मराठी शब्द लहानच राहिले असं होऊ शकतं. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा आणि स्टाइलमधून दोन्ही आकार ठरवा. मंगल किंवा निर्मलामध्ये केलेल्या फाइली नोटो वा लोहितमध्ये दिसतील. वाचायला अडचण नाही, पण पानांची संख्या बदलू शकते.

युनिकोडपूर्वीच्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइली असतील तर त्या विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. तो फाँट लिनक्सवर टाकून मजकूर दिसेलही, पण त्या फाँटसोबतचं टायपिंगचं सॉफ्टवेअर नसेल, मग दुरुस्ती कशी करणार? आणि हे काम लिनक्ससाठीच करायचं असंही नाही. फार आधी व्हायला हवं होतं.

ऑनलाइन मीटिंग?

झूम आणि स्लॅक लिनक्ससाठी मिळतात. टीम्सचं लिनक्सवरचं ॲप मायक्रोसॉफ्टने २०२२ अखेर बंद केलं. आता क्रोम किंवा एजमधून उघडून ते ॲपसारखं बसवायचं. गूगल मीट ब्राउझरमध्येच चालतं.

खरी परीक्षा स्क्रीन शेअर करताना होते. नव्या लिनक्समध्ये वेलँड ही स्क्रीनवर चित्र उमटवणारी यंत्रणा असते आणि ती कोणत्याही प्रोग्रॅमला परस्पर स्क्रीन बघू देत नाही. कोणती खिडकी दाखवायची ते आधी एक चौकट उघडून तुम्हाला विचारलं जातं. जुन्या ॲपला हे कळत नाही आणि समोरच्यांना नुसता काळा चौकोन दिसतो. तसं झालं तर तीच मीटिंग ब्राउझरमधून घ्या. ब्लूटूथ हेडसेटवर माइक चालू होताच आवाज डबक्यातून आल्यासारखा होऊ शकतो. महत्त्वाच्या कॉलला वायरचा हेडसेट जवळ असू द्या.

आउटलुकमधले जुने ईमेल कसे न्यायचे?

सर्व्हरवर आहेत ते तिथेच आहेत. थंडरबर्डमध्ये किंवा ब्राउझरमध्ये खातं उघडलं की दिसतील. ऑफिसने आयमॅप (बाहेरच्या प्रोग्रॅममधून ईमेल वाचायची सोय) बंद ठेवलं असेल तर ब्राउझर हाच बिनधोक मार्ग. अडकतात ते पीएसटी, म्हणजे लॅपटॉपवरच असलेल्या आउटलुकच्या फाइलींत साठवलेले. विंडोज असतानाच क्लासिक आउटलुकमध्ये ती फाइल उघडा आणि आतली फोल्डरं ओढून सर्व्हरवरच्या खात्यात टाका. वेळ लागतो, पण नंतर कन्व्हर्टर शोधत फिरावं लागत नाही.

एकच सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. त्याचं काय करू?

तीन वाटा आहेत. पहिली वाइनची: या साधनाने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर थेट चालतात. लहान, जुने प्रोग्रॅम बरेचदा चालतात, लायसन्स तपासणारे मोठे सहसा चालत नाहीत. फोटोशॉप किंवा ऑटोकॅड नव्या आवृत्तीत वाइनवर चालवून त्यावर पोट भरायचा विचार करू नका.

दुसरी वाट व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे लिनक्समध्ये एका खिडकीत पूर्ण विंडोज. हिशेबाचं सॉफ्टवेअर, एखादं जुनं पोर्टल, मॅक्रोवाली एक्सेल फाइल यांसाठी हीच वाट बरी. त्यासाठी किमान १६ जीबी रॅम हवी. ८ जीबीमध्ये दोन्ही रडतखडत चालतात. विंडोजचं वेगळं लायसन्स लागू शकतं हेही धरून चाला. तिसरी वाट विंडोज शेजारी ठेवण्याची, तिच्याबद्दल खाली.

आणि ते सॉफ्टवेअर तुम्ही दिवसातले सहा तास वापरत असाल तर चौथं उत्तर: विंडोजवरच राहा. त्यात कमीपणा काही नाही.

माझ्या लॅपटॉपवर सगळं चालेल हे आधी कसं कळेल?

पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, लिनक्सची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) अधिकृत साइटवरून उतरवा, रूफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमने ती त्यावर चढवा आणि त्यावरून मशीन सुरू करा. इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. डिस्कला हात लागत नाही.

नुसतं डेस्कटॉप बघून 'चालतंय की' म्हणू नका. वायफाय जोडा. माइकवर बोलून रेकॉर्डिंग ऐका. कॅमेरा उघडा. ऑफिसातला मॉनिटर जोडा, आणि जोडायला डॉक (एका केबलने मॉनिटर, कीबोर्ड वगैरे जोडणारी पेटी) वापरत असाल तर त्याच डॉकमधून जोडा. डिस्प्लेलिंक चिप असलेल्या डॉकला वेगळा ड्रायव्हर लागतो. प्रिंटरवर एक पान काढा, स्कॅनही करा. मग झाकण मिटा, दहा मिनिटांनी उघडा. स्क्रीन परत आली, वायफाय परत जोडलं गेलं, टचपॅड हलतोय, तर जमलं. झोपून न उठणारा लॅपटॉप कामाला निरुपयोगी, बाकी कितीही छान चालो. फिंगरप्रिंट चालला तर बोनस समजा. ठरावीक सेन्सरनाच ड्रायव्हर आहे.

इंटेलची वायफाय कार्डं सहसा त्रास देत नाहीत. ब्रॉडकॉमची आणि काही रिअलटेकची देतात. तेवढ्यापुरता फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरा आणि ड्रायव्हर उतरवून घ्या.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकू की विंडोज पुसून टाकू?

पहिले काही महिने ठेवा, डिस्कमध्ये जागा असेल तर. पण दोन्ही एकत्र नांदवायचे तर आधी विंडोजमध्ये बसून चार कामं उरकावी लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारं विंडोजमधलं साधन. अनेक लॅपटॉपांवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा ऑफिसच्या खात्यात असते. ती शोधून कागदावर लिहा किंवा दुसऱ्या मशीनवर ठेवा. त्याच लॅपटॉपवर साठवून उपयोग नाही. बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, सेटिंगमध्ये काहीही बदललं की विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन ती की मागते. ती नसेल तर त्या डिस्कमधला डेटा गेला, त्यावर कुणाकडे इलाज नाही.

दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की 'शट डाउन' केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं आणि त्या पार्टिशनवर लिनक्सला लिहिता येत नाही. तिसरं, जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. चौथं, लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज इंटेल आरएसटी किंवा रेड या पद्धतीवर आहे का बघा. ते एएचसीआय या पद्धतीवर न्यावं लागतं. पण आधी विंडोज सेफ मोडला लावून मगच बदला, थेट बदलाल तर विंडोज उठणार नाही.

नंतर दिसणारी एक किरकोळ गोष्ट: विंडोजमध्ये गेलात की घड्याळ काही तास चुकलेलं. मशीनच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं.

आणि इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायची खूण विसरू नका. कामाचा लॅपटॉप हरवू शकतो, आणि ही सोय नंतर लावणं म्हणजे जवळजवळ पुन्हा इन्स्टॉल करणं. शेजारी-शेजारी टाकताना काही इन्स्टॉलर हा पर्याय दाखवत नाहीत. संवेदनशील फाइली असतील तर मग विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये नेऊन पूर्ण डिस्क लिनक्सला देणं बरं.

बॅकअप?

बाहेरच्या डिस्कवर, इन्स्टॉल करण्याआधी. मग त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टिम मागे नेतं. तुमच्या फाइली ते धरत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्या.

सिक्युअर बूट बंद करावं लागतं का?

सिक्युअर बूट म्हणजे खात्रीची सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी मशीनमधली सोय. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांना ती सहसा बंद करावी लागत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स टाकताना इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल मोक' असा पर्याय येतो. लोक बिचकून 'कंटिन्यू' दाबतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून तक्रार करतात. 'एनरोल मोक' निवडा, तोच पासवर्ड द्या, झालं.

अँटीव्हायरस लागतो?

ऑफिसचा नियम असेल तर लागतो. नसेल तर अपडेट वेळेवर घेणं आणि सॉफ्टवेअर फक्त तुमच्या लिनक्सच्या (उबुंटू, मिंट वगैरे) अधिकृत भांडारातून घेणं यानेच बरंच साधतं. पण फसवा ईमेल ब्राउझरमध्ये पासवर्ड चोरतो, त्याला खाली कोणती सिस्टिम आहे याचं सोयरसुतक नसतं. आणि लिनक्सही अभेद्य नाही: मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या साधनात कुणीतरी घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन किंचित हळू का होतंय असा प्रश्न पडला म्हणून.

टर्मिनल शिकावंच लागेल?

टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. रोजच्या कामाला नाही लागत. पण इंटरनेटवरची मदत टर्मिनलच्याच भाषेत असते, म्हणून कॉपी-पेस्ट करण्याइतकी ओळख हवी. ज्या ओळीच्या सुरुवातीला सुडो (पूर्ण अधिकाराने चालवा, असं सांगणारा शब्द) आहे ती काय करते हे न वाचता चिकटवू नका.

बॅटरी कमी टिकते का?

कुठे कमी, कुठे तेवढीच. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते गरज नसताना बंद राहतंय ना ते बघा. फरक तिथेच पडतो. झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम होत असेल तर त्याला पूर्ण बंद करायची सवय लावा.

मोठ्या संस्थांनी हे करून पाहिलंय का?

पाहिलंय, आणि दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने २००५ पासून आधी विंडोजवरच ओपनऑफिस आणलं, नंतर ब्राउझर आणि ईमेल बदलले, आणि त्यानंतर उबुंटूवर बेतलेली स्वतःची सिस्टिम आणली. ती अजून चालू आहे.

एकट्या माणसालाही हा क्रम उचलता येतो. विंडोज असतानाच लिबरऑफिस, थंडरबर्ड, फायरफॉक्स टाका आणि महिनाभर फक्त त्यांवर काम करा. जे अडायचं ते इथेच अडेल, आणि परतीची वाट एका क्लिकवर असेल.

नाहीच जमलं तर परत विंडोजवर येता येईल?

येईल. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की बहुतेक मशीनच्या फर्मवेअरमध्येच असते, पुन्हा टाकलं की ते स्वतःहून ॲक्टिव्हेट होतं. मात्र विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल फक्त विंडोजवर चालतं. तो ड्राइव्ह विंडोज पुसण्याआधी बनवा, त्यावरून मशीन खरंच सुरू होतं का ते बघा, आणि त्यावर चिठ्ठी चिकटवून बाजूला ठेवा.